आक्कांच्या कांड्यांचा डबा

फोन अण्णांचा होता, आणि अण्णा कधी कुणाला फोन करत नाहीत. पॉवरलूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस. खिशातला मोबाईल वाजला तरी त्यांना ऐकू येत नाही. मी निपाणीला माहेरी आले होते, एका दिवसापुरती. भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि आक्कांनीच मला हट्टानं पाठवलं होतं. वहिनीनं चहाचा कप पुढे केला, तेवढ्यात फोन. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले, "अण्णा?" ते म्हणाले, "ये आता." थोरले दीर आणि धाकटी भावजय, आमचं थेट बोलणं घरात कधी फारसं नव्हतंच. जे काही असेल ते आक्कांच्या मार्फत. आता त्यांना स्वतः फोन करावा लागला, यातच सगळं आलं. चहा तसाच ठेवून मी बस गाठली. काकती मागे पडली, बेळगावची घरं दिसायला लागली, तरी मला रडू आलं नव्हतं. डोक्यात आदल्या दिवशीचं आक्कांचं एकच वाक्य फिरत होतं, "सांधणी झाली का गं?"

आदल्या दिवशी दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसले होते. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, कमळाक्का. वडगावातल्या विणकरांच्या गल्लीत आम्ही दोघी एका घरात, एका चुलीवर पस्तीस वर्षं काढली. त्या दिवशी डोळे मिटलेले, पण उजवा हात चादरीवर सारखा काहीतरी ओढत होता. नर्सला वाटलं, सलाईनची नळी ओढतायत. तिनं हात धरून ठेवला. मला कळत होतं की ती धोट्याची दोरी आहे. दोरी ओढली की धोटा इकडून तिकडे पळतो, मग वीण घट्ट बसवायला हात्या ठोकायचा, मग पुन्हा दोरी. त्या विणत होत्या. मध्येच डोळे उघडून त्यांनी सांधणीचं विचारलं. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आले की नव्या ताण्याची एकेक तार जुन्याच्या शेपटाला पिळून जोडायची, तिला आमच्याकडे सांधणी म्हणतात. दिवसच्या दिवस जातात त्यात. माग रिकामा राहू द्यायचा नाही, हा आमच्या गल्लीचा नियम. मी म्हणाले, "झाली, आक्का." त्या म्हणाल्या, "मग जा की निपाणीला. भावाची वास्तुशांत हाय. हितं रिकामी का बसलीस?" हे शेवटचं बोलणं... आणि तेही मला कामाला लावणारं.

मी या घरात आले तेव्हा मला विणकामातलं काही म्हणता काही येत नव्हतं. निपाणीची पोर, वडील तंबाखूच्या वखारीत कारकून, मी डीएड होऊन शाळेत लागलेली. पहिल्याच आठवड्यात आक्कांनी मला रहाटावर बसवलं, कांड्या भरायला. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी, सूत गुंडाळलेली नळी. माझ्या हातची पहिली कांडी त्यांनी उजेडात धरून पाहिली आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तंबाखूची पोर हाय, विडी वळल्यागत कांडी भरल्या!" सगळं घर हसलं. मला राग आला होता. संध्याकाळी मी शाळेच्या वह्या तपासत बसले, तर शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला सही तेवढी येत्या. तुझी कांडी मी भरतो, माझं वाचायचं तू वाच. चालतंय?" आमच्या बाजूच्या बायका स्वतःबद्दलही 'करतो, जातो' असंच बोलतात. हा करार झाला तो शेवटपर्यंत चालला. लाइटबिल, लग्नपत्रिका, महापालिकेची कानडी नोटीस, सगळं मी वाचायचं, आणि त्या मला 'मास्तरीण' म्हणायच्या, थट्टेनं आणि थोड्या अभिमानानंही.

त्यांचं माहेर येळ्ळूरचं. घरी माग होता आणि थोडं भाताचं शेतही. लग्न होऊन आल्या तेव्हा म्हणे उन्हानं रापून काळ्या पडलेल्या होत्या. आमच्या मागाच्या खोलीनं त्यांना गोरं केलं. त्या खोलीला पूर्वेला एक खिडकी आहे, पण ती उघडलेली मी कधी पाहिली नव्हती. ऊन आलं की सूत कोरडं होतं, तटातट तुटतं, रंगही उडतो. म्हणून खिडकीला पोत्याचा पडदा ठोकलेला, जमीन ओलसर, मागाचा खड्डा गार. त्या खड्ड्यात पाय सोडून आक्का सकाळी बसायच्या ते दिवस कलेपर्यंत. लोणच्याच्या बरणीला ऊन मिळायचं, पापडाला मिळायचं, आक्कांना नाही. शेजारच्या बायका त्यांच्या कांतीचा हेवा करायच्या. एवढी वर्षं आम्ही त्याला नशीब समजत होतो.

गल्लीत एकेक करून सगळ्यांनी हातमाग मोडले. अण्णा दुसऱ्याच्या पॉवरलूमवर जायला लागले, आमचे हे कारखान्यात. फक्त आक्कांचा माग उभा राहिला. त्याला कारण माझी मुलगी, रेवती. आक्कांना मूल झालं नाही. मी शाळेत जायचे, तेव्हा रेवती मागाच्या खोलीत, रिकाम्या कांड्यांशी खेळत वाढली. धोट्याच्या आवाजाशिवाय तिला झोप यायची नाही. ती आक्कांना 'थोरली' म्हणायची आणि मला नुसतं 'आई', त्यात जो काही फरक होता तो मी मुकाट्यानं मान्य केला होता. रेवती पाचवी-सहावीत असताना आक्कांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "हिच्या लग्नातली साडी माझ्या मागावरची. दुकानातली आणलासा तर मी मांडवात यायचो न्हाय." त्या असं बोलल्या की ते होणारच, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि पोरीच्या लग्नापर्यंत आपले पाय मागावर चालले पाहिजेत, एवढी एकच चिंता त्यांना पुढे लागून राहिली.

कांड्यांच्या डब्याचं इथं सांगायला हवं. खारी बिस्किटांचा येतो तसला मोठा पत्र्याचा डबा, मागाच्या डाव्या हाताला. आमच्या गल्लीत उरलेलं सूत टाकून द्यायची पद्धत नव्हती. साडी उतरली आणि दोन कांड्या उरल्या, तर त्या आक्कांच्या डब्यात आणून टाकायच्या. कुणाला शेवटच्या वितीला रंग कमी पडला तर त्यानं येऊन डब्यातून घ्यायचा. कुणी विचारायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत. आक्का म्हणायच्या, "एकाचं उरलंय ते दुसऱ्याला पुरतंय." हातमाग गेले, पॉवरलूमला या कांड्या चालत नाहीत, पण उरलंसुरलं आक्कांच्या डब्यात टाकायची सवय गल्लीची सुटली नाही. बटणं, सुया, चांगली सुतळी... काहीही यायचं.

चार वर्षांमागे आक्कांचे पाय गेले. गेले म्हणजे, एका सकाळी त्यांना खड्ड्यातून उठता येईना. कंबर, मांड्या, पिंढऱ्या, हाडातून दुखत होतं. अण्णांनी आणि ह्यांनी मिळून त्यांना वर काढलं. त्या एवढंच म्हणाल्या, "रेवतीची साडी ऱ्हायली गं." शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, ड जीवनसत्त्व जवळजवळ संपलंय, उन्हात अजिबात जात नाहीत का? आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना कुणी शेतावर रोजगाराला जाता का म्हणून विचारलंय. रोजची एक कॅल्शियमची गोळी आणि आठवड्याला दुधातून पावडरीचं एक पाकीट, दोन महिने घ्या आणि मग दाखवायला या, असं डॉक्टर म्हणाले. औषधाच्या दुकानातल्या माणसानं पुन्हा कानडीत बजावलं, "वारक्क ओंद, अक्का." आठवड्याला एक. आक्कांनी मान डोलावली, आणि तो नियम त्यांनी तंतोतंत पाळला. दर सोमवारी सकाळी, देवाला हळदकुंकू वाहिलं की दूध.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. आक्कांचं मात्र तसं झालं नाही. महिन्याभरात त्या भिंत न धरता उठायला लागल्या, पुढच्या महिन्यात खड्ड्यात उतरल्या. ज्या दिवशी धोट्याचा आवाज परत आला, त्या दिवशी मी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच तो ऐकला आणि खरंच सांगते, मला भरून आलं. हे त्या पाकिटानंच केलं, यात आजही शंका नाही. दोन महिने झाले. मी म्हणाले, "आक्का, डॉक्टरांना दाखवून यायचं ना?" त्या हसल्या. "बरं झाल्यावर डॉक्टरकडं कोन जातंय? तेंच्या दारात काय हळदीकुंकू हाय?" आणि सोमवारचं दूध चालूच राहिलं. एक पाकीट संपायच्या आत दुसरं घरात. रिकामं पाकीट दुकानात दाखवलं की तसलंच मिळायचं. ज्या बाईनं आयुष्यभर एक ताणा संपायच्या आधी दुसरा सांधला, तिला संपलं म्हणून सोडून द्यायचं हे सुचणार तरी कसं?

आक्का उठून चालायला लागल्या हे गल्लीनं पाहिलं, आणि गल्लीला त्या पाकिटाचं वेड लागलं. ज्याचं त्याचं रक्त तपासलं गेलं आणि सगळ्यांचंच ड कमी निघालं. निघणारच, सगळी गल्लीच अंधारात बसलेली. कुणी चार पाकिटं घेतली आणि बरं वाटलं म्हणून सोडून दिली, कुणाला त्याची चव आवडली नाही, कुणाची सून म्हणाली, आता बस. उरलेली पाकिटं कुठं जाणार? ज्यांना त्यांचा गुण आला त्यांच्याकडे. कांड्यांच्या डब्यात पाकिटं जमू लागली, वांगी रंगाच्या सुताशेजारी चकचकीत पाकिटं. सगळ्यांनी प्रेमानं आणून टाकलेली. मी ही गोष्ट आता शंभरदा मनात उलगडून पाहिली आहे, आणि तिच्यात मला वाईट माणूस कुणी सापडत नाही. त्यामुळे ती जास्तच जड जाते.

रेवतीचं लग्न ठरलं आणि आक्कांनी साडीचा ताणा चढवला. वांगी रंग, हिरवा काठ. त्याच सुमाराला माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला त्या निपाणीला आल्या होत्या आणि टाच दुखते म्हणून तिथल्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी कॅप्सूल दिल्या, तांबूस, मऊ. आक्कांच्या लेखी हे टाचेचं औषध, सोमवारचं ते हाडाचं. दोन्हींची नावं वेगळी, रंगरूप वेगळं, आणि आम्हां सगळ्यांना ते वेगळंच वाटलं. पुढे थकवा यायला लागला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांनी ताकदीचं म्हणून इंजेक्शन दिलं. महिन्यानं आणखी एक. तेही गुणकारी म्हणून गल्लीत नावाजलेलं होतं.

मग हळूहळू आक्कांचं जेवण तुटलं. तोंड कडू झालंय म्हणायच्या, भाकरीचा तुकडा ताटातच फिरवत बसायच्या. पोट साफ होत नव्हतं. तहान मात्र विलक्षण. मागाशेजारी पाण्याची कळशी आली, आणि दर थोड्या वेळानं खड्ड्यातून उठून मोरीकडे जाणं. आम्हाला वाटलं साखर झाली. तपासलं तर साखर नव्हती, तेव्हा आम्ही देवापुढे नारळ फोडला! पित्ताच्या गोळ्या सुरू झाल्या. आक्कांचं स्वतःचं निदान ठाम होतं, "अशक्तपणा हाय, दुसरं काय न्हाय." आणि अशक्तपणावरचं औषध त्यांच्या डाव्या हाताला डबाभर होतं. कापड विरळ पडायला लागलं की विणकर हात्या जास्त ठोकतो, एका जागी दोन ठोके देतो. आक्कांनी तेच केलं. सोमवारच्या जोडीला गुरुवार धरला. मग साडी मागे पडतेय असं वाटलं की एखादा दिवस अधेमधे. त्यांनी ते लपवलं नाही, सांगितलंही नाही. दूध पिताना कोण कुणाला विचारतं?

शेवटी त्यांना कळेनासं झालं. एका सकाळी रेवतीचा पुण्याहून फोन आला, तर आक्का तिला म्हणाल्या, "शाळेतनं लवकर ये, केस विंचरायचं हाय." रेवती फोनवर हसली, मग म्हणाली, "आईला फोन दे." त्याच दिवशी आम्ही मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं किडनीच्या डॉक्टर एक धारवाडकडच्या बाई होत्या, माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. मराठी बोलायच्या ते कानडी हेल काढून. रक्त पाहून त्यांनी विचारलं, "घरात काय काय औषधं घेत होते ते सगळं आणता का? सगळं हं." मी घरी येऊन पाहिलं आणि काय निवडायचं ते न कळून अख्खा डबाच उचलून नेला. त्यांनी तो टेबलावर ओतला. कांड्या, सुया, बटणं, पाकिटं, कॅप्सूलच्या पट्ट्या, इंजेक्शनची चिठ्ठी. एकेक नाव वाचत त्या बाजूला काढत गेल्या. मला वाटलं, वेगवेगळे ढीग होतील. एकच ढीग झाला.

"बाई," त्या म्हणाल्या, "ही वेगवेगळी औषधं नाहीत. पाकीट, कॅप्सूल, ते इंजेक्शनसुद्धा. सगळं एकच आहे. व्हिटॅमिन डी." त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. ते अंगात साचतं, चरबीत जाऊन बसतं. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग भूक मरते, तहान लागते, डोकं काम करत नाही, मूत्रपिंडं खराब होतात. आक्कांच्या तपासणीत ड जीवनसत्त्वाचा आकडा यंत्राला मोजता येईल त्याच्या पलीकडे गेलेला होता. मी शाळेत पोरांना शिकवलेलं आठवून विचारलं, "पण हे तर उन्हातून मिळतं ना? ऊन जास्त झालं म्हणून कुणाला असं झालेलं ऐकलं नाही." त्या म्हणाल्या, "उन्हातनं जास्त होत नाही, बाई. पुरेसं झालं की अंग आपणहून थांबवतं. पाकिटाला थांबवणारं कुणी नसतं. ते आपण थांबवावं लागतं." मग ढिगाकडे पाहून म्हणाल्या, "औषध वाईट नव्हतं. पहिल्या दोन महिन्यांत त्यानंच उभं केलं त्यांना." खोलीबाहेर अण्णा बाकावर बसले होते. मी त्यांना सांगितलं. ते आपल्या हाताच्या घट्ट्यांकडे बघत म्हणाले, "एकच व्हय सगळं?"

सगळं बंद केलं, सलाईन लावली, मशीनवर रक्त शुद्ध केलं. पण साचलेलं उतरायला महिने लागतात, आणि आक्कांच्या मूत्रपिंडांकडे तेवढे दिवस नव्हते. मध्ये एक-दोन दिवस चांगले गेले. एका दुपारी त्या लख्ख शुद्धीवर होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, कारण आमचा करार होता, वाचायचं मी. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मी साडी व्हावी म्हणून घेतलो, आणि तेनंच साडी ऱ्हायली म्हण की." त्यांनीच माझा हात थोपटला. "तू नगं रडू, मास्तरीण. किती ऱ्हायल्या? तीनच हात ऱ्हायल्या." त्या स्वतःबद्दल नाही, साडीबद्दल बोलत होत्या. मी रेवतीला हे अजून सांगितलेलं नाही... इथं वाचेल.

आक्कांच्या दिवसांना लोक आले. त्यात एक बाई उसासा टाकून म्हणाल्या, "अति तिथं माती, दुसरं काय." मला इतका राग आला की मी उठून आत गेले. हावरेपणानं खाल्लं, साठवलं, त्याला अति म्हणतात. आक्कांनी आयुष्यात आवडीची भाजीसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेतली नव्हती. त्यांना कसं घ्यायचं ते नीट सांगितलं होतं आणि त्यांनी ते नीट पाळलं होतं. केव्हा सोडायचं, हे मात्र त्यांच्या अख्ख्या जन्मात त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कामाच्या बाईला ते कोण शिकवतं? त्या बाईंना मी नंतर चहा नेऊन दिला. त्यांच्या घरचीही पाकिटं त्या डब्यात होती.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि धोट्याचा आवाज आला. हातातलं पातेलं तसंच राहिलं. जाऊन पाहते तर अण्णा खड्ड्यात बसलेले. त्यांनी हातमाग सोडून पाव शतक झालं असेल. कामावर गेलेच नव्हते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीन हात हायत." आणि विणत राहिले. सगळा दिवस, दुसऱ्या दिवशीही. त्यांचा ठोका जड, पॉवरलूमवाल्याचा. साडी उतरली तेव्हा रेवती आली होती. आम्ही दोघींनी ती खाटेवर पसरली. सुरुवातीचं कापड असं घट्ट की त्यातून नखही जाऊ नये. पदराकडे सरकत गेलं की वीण हळूहळू सैल होते, एके ठिकाणी तर उजेडात धरल्यावर पलीकडची रेवती दिसत होती. आणि मग शेवटचे तीन हात, जाड, ओबडधोबड, पुन्हा घट्ट. ओळखीच्या एका दुकानदारानं सुचवलं की एवढा विरळ भाग काढून जोडून देतो, कळणार नाही. रेवती म्हणाली, "नको. मला कळलं पाहिजे." लग्न पुढे ढकललंय, पण साडी हीच आहे.

साडी कापून घेतली तरी ताण्याचं शेपूट मागावर राहतं, पुढच्या सांधणीसाठी. शेजारचे मल्लाप्पा, गल्लीतले सगळ्यांत म्हातारे विणकर, काठी टेकत आले आणि त्या शेपटाकडे पाहून म्हणाले, "सांधणीला कवा बसायचं रं? मी येतो हातभार लावायला. माग रिकामा ठेवू नये." अण्णा खड्ड्याच्या कडेला बसले होते. म्हणाले, "ठावं हाय, काका. आमच्या घरात कवा रिकामा ठेवलाच न्हाय." मग त्यांनी हात घालून उरलेल्या ताण्याचा एकेक झुपका मागाच्या फणीतून ओढून काढला. फणी मोकळी झाली, माग मोकळा झाला. "पुरे झालं की थांबायचं असतंय," ते म्हणाले, मल्लाप्पांना की मागाला, कळलं नाही. मल्लाप्पा अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले.

आता त्या खोलीत फक्त माग आहे आणि डबा. डब्यात कांड्या आहेत, सुया-बटणं आहेत. गल्लीतल्या बायका अजून येतात, पण हातात औषध घेऊन, डब्यात टाकायला नाही, मला विचारायला. "मास्तरीण, ह्ये नि ते एकच का बघ की." मला ठाऊक असेल ते सांगते, नसेल तर डॉक्टरांकडे पाठवते. आक्कांचं वाचायचं काम माझ्याकडे होतं, ते असं चालू राहिलंय. अण्णांनी खिडकीवरचं पोतं काढून टाकलं. कडी गंजली होती, हातोडीनं उघडावी लागली. रोज सकाळी ते तिथं बसतात, रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून, जिथं आक्का बसायच्या अगदी तिथं. पाठीवर ऊन येतं, डब्यावर येतं, खड्ड्यात उतरतं. कुणी काही करावं लागत नाही. वेळ झाली की आपणहून निघून जातं.